हुलग्याचे माडगे आणि आपले पाकवाङ्मय

काही वर्षांपूर्वी बारामती-इंदापूर भागातल्या एका लहानशा धर्मग्रामात मी सेवेला होतो. धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले आणि संपादनाची जबाबदारी अर्थातच धर्मगुरूंच्या गळ्यात पडली. महिला मंडळाने सुचवले, की ‘आमच्या घरची चव’ असे एक सदर ठेवावे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या मूळ गावाकडची एक पाककृती लिहून द्यावी. सूचना चांगली होती. साखर कारखान्यांमुळे, कालव्यामुळे, पुढे औद्योगिक वसाहतीमुळे आमच्या धर्मग्रामात चारी दिशांची माणसे एकत्र आली होती. कुणी नगर जिल्ह्यातले, कुणी मराठवाड्यातले, एखादे कुटुंब वसईचे, एखादे गोव्याचे. दोन महिन्यांत एकोणतीस पाककृती जमल्या. नाताळचा केक चार जणींनी पाठवला होता, बिर्याणी तिघींनी. सोरपोतेल आले, फुगे आले. ‘पनीर पसंदा’ही आला, तो कुणाच्या मूळ गावचा हे मला आजवर कळलेले नाही.

या गठ्ठ्यात वहीचा एक फाटका कागद होता. अक्षर आठवीतल्या मुलाचे, शब्द त्याच्या आजीचे. मथळा होता, ‘हुलग्याचं माडगं’. तो कागद मी बाजूला काढला आणि स्मरणिकेत छापला नाही. ‘प्रमाण दिलेले नाही’ असा शेरा मी त्यावर पेन्सिलीने मारला होता. महोत्सवाच्या स्नेहभोजनात आजी भेटल्या. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. उलट माझीच समजूत घालत त्या म्हणाल्या, “फादर, म्या नातवाला तवाच म्हनले व्हते, ह्ये गरिबाचं खानं हाय. ह्ये कुटं छापत्यात व्हय?”

उत्तर मला सुचले नाही. प्रमाण नव्हते हे खरे. परंतु केक पाठवणाऱ्या एका बाईंनीही प्रमाण दिलेले नव्हते आणि ते मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन विचारून आलो होतो. मग आजींच्या घरी का गेलो नाही? पाककृती कोणती आणि ‘गरिबाचे खाणे’ कोणते, हा निवाडा करायला मला कुणी शिकवले? माझ्या घरी तर कुणी शिकवला नव्हता. माझी आई स्वतः हुलगे रांधत असे. तो निवाडा छापील मराठीतून माझ्यापर्यंत पोचला असावा असे वाटले, आणि म्हणून अन्नाविषयीचे मराठी लेखन मी पुन्हा, थोड्या संशयाने, वाचायला घेतले. प्रस्तुत लेख त्या वाचनाचा आहे.

मराठीतील पाकशास्त्राच्या पुस्तकांची परंपरा चांगली शंभर वर्षांहून जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली प्रसिद्ध झाले. पाठारे प्रभू घराण्यातील या विदुषीने शीर्षकातच हजार पाकक्रियांचे आश्वासन दिले. त्यानंतर साठ वर्षांनी, १९७० मध्ये, कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि मराठी घराघरांत पोचले. ‘रुचिरा’ची थोरवी मी कमी लेखू इच्छित नाही. गावाकडची सासू, आई, आत्या यांच्यापासून दूर शहरात संसार मांडणाऱ्या तरुण मुलीला या पुस्तकाने आईच्या जागी आधार दिला. तोळा, शेर, अंदाज यांत अडकलेली विद्या कमलाबाईंनी वाटी आणि चमचा यांच्या मापात आणली. हे साधे काम नव्हे. अंदाज हा अनुभवी हाताचा मक्ता होता. वाटीने तो मक्ता मोडला. भाषेच्या दृष्टीनेही ते लेखन स्वच्छ आहे, एक शब्द वाया जात नाही.

परंतु वाटी काहीतरी गृहीत धरते. वाटीभर डाळ घ्यावी असे लिहिणारीच्या मनात डाळीचा डबा भरलेला असतो. आज काय रांधावे, हा प्रश्न तिथे आवडीचा असतो. ज्या स्वयंपाकघरात काय रांधावे हे आवडीआधी कणगीच ठरवते, तिथला स्वयंपाक या मापात बसत नाही. तो बेचव असतो म्हणून नव्हे. त्याचे माप वेगळे असते म्हणून.

पुणे जिल्ह्याच्या या पूर्व भागाने दुसरेही एक माप पाहिले आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारी कामावरच्या मजुराला जगायला किती धान्य पुरे, याचा हिशेब सर रिचर्ड टेंपल यांनी केला आणि पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य व वर एक आणा अशी मजुरी ठरवली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. त्यावर दिवसभर खडी फोडायची. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. त्याच दुष्काळाच्या धड्यातून भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा झाला, आणि १८८५ च्या सुमारास कालव्याचे पाणी बारामतीच्या रानात खेळू लागले. अन्नाची एक कथा वाटीने मोजली गेली, दुसरी पौंडाने. आपल्या वाङ्मयाने या दोन कथा वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या. वाटीच्या कपाटावर ‘चव’ अशी चिठ्ठी लावली, पौंडाच्या कपाटावर ‘भूक’ अशी. माझे भांडण या वाटणीशी आहे.

पहिल्या कपाटातले सर्वांत लोभस लेखन पु. ल. देशपांडे यांचे. ‘हसवणूक’ या संग्रहातील ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख न वाचलेला मराठी वाचक विरळा. सेमिनरीत असताना जेवणाच्या घंटेआधी आम्ही तो एकमेकांना वाचून दाखवीत असू. तिथले जेवण पाहता ते एक प्रकारचे प्रायश्चित्तच होते. खाण्याचा आनंद संकोच न बाळगता, पांडित्य न पाजळता मराठीत मांडण्याचे मोठे काम पु. लं. नी केले. तरीही आज तो लेख वाचताना एक गोष्ट जाणवते. त्या लेखनातला खाणारा माणूस निवड करू शकणारा माणूस आहे. तो नाक मुरडू शकतो. रसिकता म्हणजे निवड, असे समीकरण तिथे नकळत मांडले जाते, आणि पुढच्या अनुकरण करणाऱ्यांनी ते पक्के करून टाकले. गावाकडच्या चवीवर येणारे आजचे बहुतेक ललित लेख त्याच साच्यातून निघतात: आजी, चूल, पाट, तुपाची धार आणि शेवटी ‘ती चव आता राहिली नाही’ हा उसासा. जाते कोण ओढत होते, पाणी कुठून आणले जात होते, ती आजी स्वतः कधी आणि काय जेवली, हे त्या लेखांत क्वचितच येते.

आता थोडे आमच्या भागाकडे वळतो, कारण ही वाटणी किती खोटी आहे ते इथल्या जेवणातूनच दिसते.

बारामती तालुक्याचे दोन भाग आहेत, बागायती आणि जिरायती, आणि लोक सोयरीक जुळवतानाही ते लक्षात ठेवतात. नीरेच्या कालव्याखालची गावे उसाची. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ही नावे कारखान्यांमुळे सर्वांना ठाऊक आहेत. कालव्याच्या वरच्या अंगाला मात्र पावसावर जगणारे रान, मेंढरे, बाजरी, मटकी आणि हुलगा. इंदापुरातही तेच. एका शिवारात गुऱ्हाळाच्या काहिलीतून काकवीचा वास येतो आणि मैल-दोन मैलांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते.

हुलगा हे या वरच्या रानाचे कडधान्य. हलकी जमीन आणि तुटपुंजा पाऊस यांवर येते. कोकणात यालाच कुळीथ म्हणतात, आणि तिथे कुळथाच्या पिठीला केवढा मान! कोकणच्या माणसाने मुंबईत बसून पिठी-भाताची आठवण काढली, की तो ललित लेख होतो. आमच्याकडे मात्र हुलगा भिजवून बैलाला चारतात, आणि माणसाने खाल्ला की ती गरिबी ठरते. धान्य तेच, मान वेगळा. मान ठरला तो लिहिणारे कुठल्या प्रदेशातून आले त्यावरून, असे मला वाटते.

हुलग्याचे शेंगोळे ज्याने थंडीत खाल्ले आहेत त्याला मी काय सांगू? हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे, ओवा, तिखट घालून घट्ट मळायचे, तेलाच्या हाताने परातीत त्याच्या वळ्या करायच्या, टोके जोडून कडी करायची आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. शेंगोळ्यांचे पीठ सुटून पाणी आपोआप दाट होते. वेगळी आमटी लागत नाही. वर बाजरीची भाकरी. या रचनेकडे जरा समीक्षकाच्या नजरेने पाहा. भाजी नाही, डाळ नाही, खोबरे नाही. एकाच पिठातून खाण्याचा पदार्थ आणि त्याचा रस्सा दोन्ही उभे केलेले आहेत. याला टंचाई म्हणावे की कल्पकता? माझे उत्तर, दोन्ही. टंचाईने प्रश्न घातला आणि कुण्या बाईच्या हाताने तो सोडवला. केवळ पोट भरायचे असते तर पीठ पाण्यात कालवून पुरले असते. तिने वळी केली, कडी जोडली, लसूण किती करपू द्यायचा ते ठरवले. ही निवडच होती.

बाजरीचेही तसेच. बाजरीचे पीठ चार दिवसांत कडवट होऊ लागते, म्हणून ते ताजे दळावे लागते. जात्याच्या काळात त्याचा अर्थ असा, की गोड भाकरीमागे बाईची पहाटेची झोप असे. भाकरी गोड लागते असे लिहिणाऱ्याने ही झोपही लिहिली, तर भाकरीची गोडी उणावेल काय? मला तसे वाटत नाही.

पालखीचे दिवस आठवतात. जगद्गुरू तुकोबांची पालखी यवत, वरवंड करीत बारामतीला येते आणि काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी अशी इंदापूरकडे जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते. यवतला वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतात आणि तिची ख्याती सर्वदूर आहे. हजारो माणसांचे हे जेवण कुठल्याही पाकपुस्तकाच्या प्रमाणात मावणारे नाही, पण त्याला ‘गरिबाचे खाणे’ असे कुणी म्हणत नाही. ती भाकरी प्रसादाची होते. मग तीच भाकरी घरच्या तव्यावरून उतरली की लाजेची का व्हावी?

दुसऱ्या कपाटाकडे येऊ. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. तो मुलूख माणदेश, आमच्या भागासारखाच कोरडा, आणि माणसे तीच मेंढरांमागे फिरणारी. कादंबरीच्या अखेरीस दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते. मराठीत दुष्काळावर इतके संयमित लेखन दुसरे क्वचितच असेल. नंतर बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. बेबीताईंचे आयुष्य गेले फलटणला, बारामतीहून नीरा ओलांडली की आलेच. त्या लहानसे किराणा दुकान चालवीत आणि गिऱ्हाईक नसताना, घरच्यांच्या नजरेआड, लिहीत. लोकांना पावशेर-अर्धा पावशेर मीठ-मिरची तोलून देणाऱ्या हातांनी हे पुस्तक लिहिले गेले, हे वाचताना विसरता येत नाही. महारवाड्यातली उपासमार, बाळंतिणीच्या पोटातली आग, मेलेल्या जनावराच्या मांसासाठीची धडपड हे सारे त्यांनी डोळ्यांत डोळे घालून सांगितले.

मात्र या पुस्तकाचे आपण केलेले वाचन मला अपुरे वाटते. व्याख्यानांत, अभ्यासक्रमांत आपण त्यातली भूक तेवढी उचलली. आषाढ महिन्याचे जे वर्णन बेबीताईंनी केले आहे, वस्तीवर येणारे सणाचे दिवस, सारवलेली घरे, त्या काही दिवसांपुरता येणारा गोडाधोडाचा आनंद, त्याकडे आपण दुर्लक्ष केले. लेखिकेने वर्षातले थोडे दिवस का होईना, त्या माणसांना चव घेऊ दिली. वाचकांनी ती काढून घेतली. भुकेल्या माणसाला आपण सहानुभूती देतो, पण त्याला जीभ आहे हे मानायला तयार नसतो. दानधर्म करणाऱ्यांचा, त्यात आम्ही धर्मगुरूही आलो, हा जुना दोष आहे. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर सुकडी वाटली गेली, रेशनवर तांबडा मिलो आला, मिशनच्या आवारांत बल्गर गहू आणि दुधाची पावडर वाटली गेली. तेव्हा मी तान्हा होतो. पण ज्येष्ठ मंडळींकडून ऐकलेल्या आठवणींत पहिली तक्रार नेहमी मिलोच्या चवीची असते. पोट भरत होते, तरी चव लक्षात राहिली. गंमत अशी, की सुकडीची आठवण काढून डोळे मिटणारी माणसेही मला भेटली आहेत.

या दोन कपाटांमधली भिंत ज्या पुस्तकाने पाडली ते म्हणजे शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला. ‘पूर्णब्रह्म’ या रूढ शब्दाला एक अक्षर जोडून पाटोळे यांनी शीर्षकातच वाद उभा केला आहे. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या घरांत काय शिजत होते, कसे शिजत होते, मांस कसे वाळवून टिकवले जात होते, ते त्यांनी पाककृतींसह नोंदवले. तूप, दूध, महागडे मसाले ज्यांच्या वाट्याला आले नाहीत त्यांच्याही स्वयंपाकात रीत होती, हातोटी होती, आवड-नावड होती, हे त्यांनी सिद्ध केले. पुस्तक सर्वत्र सारखे उतरलेले नाही. काही ठिकाणी युक्तिवाद पाककृतीच्या अंगावर चढतो आणि पातेल्याकडे लक्ष राहत नाही. पण एवढे खरे, की ‘हे कुटं छापत्यात व्हय’ या आजींच्या प्रश्नाचे छापील उत्तर मराठीत प्रथम मला इथे सापडले. मी स्मरणिका संपादित करण्याआधी ते वाचले असते, तर त्या कागदावरचा पेन्सिलीचा शेरा कदाचित पडला नसता.

आपल्या ख्रिस्ती वाङ्मयातला एक ग्रंथ या संदर्भात विसरून चालणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. आपण तो ग्रंथ धर्मांतराची कथा म्हणून वाचतो. अन्नाची कथा म्हणून तो वाचून पाहावा. आरंभी वडिलांचे ते विलक्षण सोवळे, घरात येणारा जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत गेलेले. आणि पुढे कुणाच्याही हातचे खाण्यापर्यंत झालेला त्यांचा स्वतःचा प्रवास. हा प्रवास सिद्धांतांतून घडत नाही, पाण्याच्या तांब्यातून आणि चुलीवरच्या भांड्यातून घडतो. ‘काय खाल्ले’ यापेक्षा ‘कुणाच्या हातचे’ हा प्रश्न भारतात किती मोठा आहे, हे लक्ष्मीबाईंनी हसत-हसवत जितके सांगितले तितके आमच्या ईशज्ञानाच्या वर्गांत कुणी सांगितले नाही. घरच्या चवीचे गोडवे गाणाऱ्या आजच्या लेखकांना हा प्रश्न पडत नाही. ‘घरचे’ या शब्दात कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले आहे, हे ते पाहत नाहीत.

पवित्र शास्त्रातही या विषयाचा एक उतारा आहे, आणि त्याबाबत मला माझे मत बदलावे लागले. गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात अरण्यातले इस्राएली लोक मान्ना खाऊन कंटाळतात आणि मिसर देशातल्या जेवणाची आठवण काढून रडतात. कोणते पदार्थ? मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण. यादी अगदी नेमकी आहे. अनेक वर्षे मी यावर प्रवचन केले ते कृतघ्नतेवर: गुलामीतून सोडवलेले लोक, आकाशातून अन्न मिळते आहे आणि यांना लसूण आठवतो! परमेश्वराचा कोप झाला तो योग्यच. तो अर्थ शास्त्रात आहेच, मी तो नाकारत नाही. पण आता त्या यादीकडे पाहताना वाटते, की विटा थापणाऱ्या त्या गुलामांच्या झोपडीतही लसूण होता आणि त्याची चव त्यांना कळत होती. फारोने त्यांचे श्रम घेतले, मुले घेतली. जीभ मात्र त्यांची स्वतःची राहिली. त्यांची चूक चव आठवण्यात नव्हती. ती चव आठवताना त्यांनी विटा विसरल्या आणि जेवण फुकट मिळत होते असे म्हटले, तिथे ते चुकले. आपल्या ललित लेखांचे नेमके हेच होते.

या कसोटीने पाहिले, तर आमच्या भागावरची दोन पुस्तके अजून लिहिली जायची आहेत असे मला वाटते. एक ऊसतोड कामगारांच्या चुलीचे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून माणसे येतात, उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नावच हत्याराचे होऊन जाते. कोयत्यातली बाई पहाटेच्या अंधारात उठून दिवसभराच्या भाकरी थापते, त्या फडक्यात बांधते आणि फडात जाते. भोवती मैलोगणती ऊस, आणि तिच्या फडक्यात भाकरी आणि चटणी. नाताळच्या दिवसांत एका कोपीत मला अशी कारळ्याची चटणी मिळाली, की त्यानंतर त्या रात्रीचे नाताळचे जेवण मला फिके वाटले. “आमच्या गावच्या कारळ्याची हाय,” असे त्या ताई अभिमानाने म्हणाल्या. सहा महिन्यांसाठी गाव सोडताना तिने पत्र्याच्या पेटीत गाव भरून आणले होते, ते एवढेच.

दुसरे पुस्तक उजनीचे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर, करमाळा, दौंड या तालुक्यांतल्या काठच्या गावांची जुनी घरे, चुली, जाती पाण्याखाली गेली. पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि लोक ते पाहायला जातात. आज पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला मासे खायला गाड्या थांबतात. वाम, मरळ आणि सर्वांत स्वस्त ती चिलापी. ही चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली, भारतात आणली गेली १९५२ मध्ये. धरणाच्या पाण्यात ती मायंदळ झाली. आता भिगवण-पळसदेव भागातली शहरात गेलेली मुले ‘गावाकडचे मासे’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ही परदेशी चिलापीच असते, काळ्या मसाल्यात बुडालेली. त्यांच्या आजोबांच्या काळी तिथे ज्वारीचे रान होते आणि ‘गावाकडचे’ म्हणजे थंडीत शेणीच्या आरावर भाजलेला हुरडा. एकाच घरात दोन पिढ्यांच्या दोन आठवणी, आणि मधे धरणाचे पाणी. मुलांची चिलापी खोटी आणि आजोबांचा हुरडा खरा, असे म्हणणारा समीक्षक मी होऊ इच्छित नाही. पण चिलापीची चव लिहिणाऱ्याने बुडालेले रानही लिहावे, आणि रानाचे दुःख लिहिणाऱ्याने चिलापी चवदार आहे हे मान्य करावे, एवढी अपेक्षा मी ठेवीन.

आजींचा तो कागद मी टाकून दिलेला नव्हता. बदली होऊन सामान आवरताना स्मरणिकेच्या फाइलमध्ये सापडला. नातवाने आजीचे बोलणे जसेच्या तसे उतरवले होते. हुलगे खमंग भाजायचे आणि जात्यावर भरडून, मग बारीक दळून घ्यायचे. आधणात पीठ पेरताना एका हाताने हलवत राहायचे, गाठ होऊ द्यायची नाही. गूळ असला तर गूळ आणि सुंठ, नसला तर मीठ आणि ठेचलेला लसूण. पाऊस लागून राहिला, शेतावरून माणूस भिजून आला, लेकराची छाती भरली, की करायचे. पातळ किती? “पेनारा म्हातारा आसंल तर पातळ, राबनारा आसंल तर घट.” किती जणांना पुरते, असे नातवाने बहुधा शाळेतल्या पुस्तकासारखे विचारले असावे, कारण खाली लिहिले आहे: “जेवडी घरात हायेत तेवड्यांना.”

प्रमाण नाही असा शेरा मी यावर मारला होता.

तो कागद या लेखासोबत संपादकांकडे पाठवीत आहे. आजींच्या घरच्या मंडळींची परवानगी घेतली आहे. जागा असेल तर तो याच अंकात, शुद्धलेखन न सुधारता आणि वाटी-चमचा न घालता छापावा, अशी विनंती.